दूरच्या नातेवाइकांसोबत फॅमिली प्लॅन: नंबर जोडण्यापासून सोडण्यापर्यंत

आधी कागद-पेन्सिल घ्या. मोबाइलच्या फॅमिली प्लॅनमध्ये एकाच खात्यावर आणि एकाच बिलात अनेक नंबर चालतात. बऱ्याच प्लॅनमध्ये पहिल्या नंबराचं भाडं एकट्याच्या साध्या प्लॅनपेक्षा जास्त असतं आणि पुढचे नंबर स्वस्त पडतात. समजा एकट्याच्या प्लॅनचं महिन्याचं भाडं ७०, फॅमिली प्लॅनच्या पहिल्या नंबराचं १०० आणि पुढच्या प्रत्येक नंबराचं ४० आहे. दोघं असाल तर वेगवेगळे राहून १४० आणि एकत्र येऊनही १४०, म्हणजे नुसताच खटाटोप. तिघांना २१० ऐवजी १८० पडतील. चौघांना २८० ऐवजी २२०, म्हणजे माणशी ५५. या आकड्यांच्या जागी तुमच्या कंपनीचे आकडे टाका आणि त्यात कर, सिम चालू करण्याचा एकरकमी आकार, हप्त्यावरच्या फोनचे हप्ते हे सगळं धरा. जाहिरातीतल्या आकड्यात यातलं बरंचसं धरलेलं नसतं.

आणखी एक हिशोब लोक विसरतात: समोरच्याला आत्ता किती खर्च येतो? घरच्या वाय-फायवर व्हिडिओ कॉल करणाऱ्या आणि महिन्याला दहा-वीस फोन लावणाऱ्या आजीला छोटं प्रीपेडच स्वस्त असतं. तिला फॅमिली प्लॅनमध्ये ओढलं तर बाकीच्यांचा वाटा कमी होतो, तिचा वाढतो. तिच्यासाठी प्लॅन घ्यायचाच असेल तर 'रिचार्ज संपला म्हणून फोन बंद' ही कटकट जाते या कारणासाठी घ्या. ते कारण चांगलं आहे, पण त्याला बचत म्हणू नका.

एकाच घरात राहायला हवं का?

स्ट्रीमिंग कंपन्यांनी 'एकच घर' ही अट कडक केल्यापासून मोबाइललाही तोच नियम असेल असं अनेकांना वाटतं. मोबाइल कंपनीचा व्यवहार मात्र एका खात्याशी आणि एका बिलाशी असतो. नंबर वापरणारा माणूस कुठल्या गावात झोपतो हे ती सहसा विचारत नाही. तरी अटींच्या कागदात चार गोष्टी शोधा: नात्याचा किंवा पत्त्याचा पुरावा लागतो का, जास्तीत जास्त किती नंबर जोडता येतात, वेगळ्या प्रांतातला नंबर त्याच खात्यात चालतो का, आणि रोमिंगवर सलग किती दिवस राहता येतं. सिमसाठी ओळखपत्र लागत असेल तर सिम कोणाच्या नावावर चढणार तेही विचारून घ्या. खातेदाराच्या की वापरणाऱ्याच्या, याचं उत्तर पुढे नंबर सोडवताना फार महत्त्वाचं ठरतं.

प्लॅनसोबत फुकट मिळणाऱ्या स्ट्रीमिंगच्या वर्गणीवर भरवसा ठेवू नका. ती बहुधा मुख्य खातेदारालाच मिळते आणि तिला बऱ्याचदा घराची अट असते.

नातेवाईक दुसऱ्या देशात असेल तर गोष्ट बदलते. रोमिंगची सोय प्रवाशासाठी असते, कायम राहणाऱ्यासाठी नाही. युरोपीय संघाचंच उदाहरण घ्या. तिथे १५ जून २०१७ पासून सदस्य देशांमध्ये रोमिंगचा जादा आकार काढला गेला, पण त्याच नियमांनुसार कंपनी किमान चार महिन्यांचा वापर तपासू शकते. त्या काळात मुक्काम आणि वापर मायदेशापेक्षा परदेशातच जास्त दिसला तर ती सूचना देते, १४ दिवसांची मुदत देते आणि मग जादा आकार लावू शकते. इतरत्रही कंपन्या 'बहुतांश वापर आमच्या नेटवर्कवर हवा' असं अटींमध्ये लिहून ठेवतात आणि नंबर बंद करण्याचा हक्क राखतात. त्यामुळे परदेशात कायम राहणाऱ्यासाठी सरळ वाट अशी: रोजच्या नेटसाठी तिथलंच सिम, आणि फॅमिली प्लॅनचा नंबर दुसऱ्या सिमवर, फक्त कॉल आणि ओटीपीसाठी. दुसऱ्या सिमचं 'डेटा रोमिंग' बंद ठेवा. फोनच्या सेटिंगमध्ये 'मोबाइल डेटा' कुठल्या सिमवर आहे ते पाहाच, आणि 'गरज पडल्यास दुसऱ्या सिमचा डेटा वापरा' अशी सोय असेल तर तीही बंद करा. रोमिंगची मोठी बिलं बऱ्याचदा या एका बटणामुळे येतात.

रेंज त्यांच्या घरात बघा, तुमच्या नाही

तुमच्याकडे उत्तम चालणारी कंपनी त्यांच्या गल्लीत चालेलच असं नाही. कंपनीचा नकाशा बहुतेक घराबाहेरची रेंज दाखवतो, घरातली नाही. ज्यांना जोडायचं त्यांच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत त्या कंपनीचा नंबर कोणाकडे आहे ते विचारा, आणि त्यांच्या घरात, झोपायच्या खोलीत, एक कॉल लावून बघायला सांगा. शक्य असेल तर नंबर पोर्ट करण्याआधी, म्हणजे नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याआधी, त्या कंपनीचं एक प्रीपेड सिम किंवा चाचणीचं ई-सिम (फोनमध्येच असलेलं, बहुधा क्यूआर कोडनं चालू होणारं सिम) आठवडाभर त्यांच्या फोनमध्ये चालवा.

मग फोन तपासा. *#०६# डायल केलं की १५ अंकी आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) दिसतो. कंपनीच्या साइटवर तो टाकून फोन चालेल का ते कळतं. तीन ठिकाणी गाडं अडतं. पहिलं, फोन जुन्या कंपनीला लॉक असतो. हप्ते फिटल्याशिवाय तो सुटत नाही. दुसरं, फोन दुसऱ्या देशातून आणलेला असतो आणि इथल्या नेटवर्कचे सगळे बँड (रेडिओ लहरींचे पट्टे) त्यात नसतात. मग रेंज रस्त्यावर येते, घरात गायब होते. तिसरं जास्त फसवं आहे: ज्या नेटवर्कनं २जी आणि ३जी बंद केलं तिथे ४जी फोनचे कॉल फक्त व्होल्टीवरून, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच कॉल करण्याच्या सोयीनं, जातात. फोनमध्ये ४जी आहे, नेट चालतं, पण त्या कंपनीचं व्होल्टी त्या मॉडेलवर चालत नाही, म्हणून कॉलच लागत नाहीत. व्होल्टीबद्दल नावानिशी विचारा. '४जी आहे ना' एवढं पुरत नाही.

नंबर आणायचा तर जुना बंद करू नका

यातली सगळ्यात महागडी चूक म्हणजे 'आधी जुनं बंद करू, मग नवं घेऊ'. बंद झालेला नंबर पोर्ट होत नाही. पोर्ट पूर्ण झालं की जुनं कनेक्शन आपोआप संपतं, वेगळं काही करावं लागत नाही. क्रम असा ठेवा:

१. जुन्या कंपनीकडची थकबाकी, फोनचे हप्ते आणि किमान मुदत तपासा.

२. जुन्या खात्यावरचं नाव, पत्ता आणि खाते क्रमांक बिलावर जसाच्या तसा आहे तसा उतरवून घ्या. नावाचं एक अक्षर इकडेतिकडे झालं तरी विनंती परत येऊ शकते.

३. नंबरवर पोर्ट-लॉक (परवानगीशिवाय नंबर पोर्ट होऊ नये म्हणून लावलेलं कुलूप) असेल तर काढा आणि पोर्टचा कोड मागवा. हा कोड ठरावीक काळच चालतो, म्हणून नवं सिम घ्यायच्या वेळीच मागवा.

४. नवं सिम फोनमध्ये घाला, पण जुनं फेकू नका. जुन्यावरची रेंज जाईपर्यंत तेच चालू असतं.

५. पोर्ट झाल्यावर आलेला कॉल, केलेला कॉल, आलेला एसएमएस, पाठवलेला एसएमएस आणि वाय-फाय बंद करून नेट, अशा पाच चाचण्या करा.

पाचवी पायरी टाळली की आठवड्यानं कळतं की कॉल लागतात पण बँकेचे एसएमएस येत नाहीत. अदलाबदलीच्या काळात येणारे एसएमएस थोडे रेंगाळू शकतात. म्हणून त्या दिवशी पैसे पाठवणं, तिकीट काढणं, दवाखान्याची वेळ घेणं असलं काही ठेवू नका. कॉल चालतात पण नेट नाही, असं झालं तर बहुतेकदा एपीएन (नेटला जोडण्यासाठी फोनमध्ये असलेली कंपनीची सेटिंग) चुकलेलं असतं: मोबाइल नेटवर्कच्या सेटिंगमध्ये जाऊन एपीएन मूळ स्थितीवर आणा आणि फोन बंद-चालू करा. येणारे कॉल भलतीकडेच जात असतील तर *#२१# लावून कॉल फॉरवर्ड तपासा. बऱ्याच नेटवर्कवर ##००२# लावलं की सगळं फॉरवर्डिंग निघून जातं.

सिम की ई-सिम

प्लास्टिकचं सिम कुरिअरनं पाठवणार असाल तर ते चालू न करता पाठवा. वाटेत हरवलं तर कोणाच्या हाती चालता नंबर लागायला नको. हातात आल्याचा फोन आला की मग चालू करा.

ई-सिमला वाट बघावी लागत नाही, पण त्याच्या खोड्या वेगळ्या. क्यूआर कोड ज्या फोनवर पाठवता त्याच फोनच्या कॅमेऱ्यानं तो स्कॅन करता येत नाही. आईला व्हॉट्सअॅपवर कोड पाठवून 'स्कॅन कर' म्हणणारे इथेच अडकतात. तिच्याजवळ दुसरा पडदा हवा: शेजाऱ्याचा फोन, टॅब, टीव्ही, नाहीतर छापील कागद. यातलं काहीच नसेल तर कोडसोबत आलेला सर्व्हरचा पत्ता आणि सक्रियकरण कोड हातानं टाकता येतो. आयओएस १७.४ पासून आयफोनवर कोडचं चित्र बोटानं दाबून धरलं की ई-सिम जोडण्याचा पर्यायही येतो. ई-सिम उतरवताना इंटरनेट, शक्यतो वाय-फाय, लागतं, हे आधी सांगून ठेवा.

तो कोड बहुधा एकदाच चालतो. फोन बिघडल्यावर 'सगळं पुसून टाकू' म्हणून ई-सिमही पुसलं, तर जुना कोड पुन्हा स्कॅन करून काही होत नाही, नवा मागवावा लागतो. आणि तो मागवण्याचा हक्क तुमच्याकडे, खातेदाराकडे असतो. म्हणून त्यांना एक वाक्य लिहून द्या: फोन दुरुस्तीला देण्याआधी आणि रीसेट करण्याआधी मला फोन करायचा.

सिमचा पिन ठेवलात तर तोही लिहून ठेवा. तीनदा चुकला की ८ अंकी पीयूके (अडकलेलं सिम उघडण्याचा कोड) लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं गेलं.

डेटाची एकच टाकी असेल तर

काही प्लॅनमध्ये प्रत्येक नंबराचा डेटा वेगळा असतो, काहींमध्ये सगळ्यांची एकच टाकी. एका टाकीत वाद हमखास होतात, कारण तिकडे कोण किती वापरतंय ते इकडे दिसत नाही. मोजायचं सूत्र सोपं आहे: १ एमबीपीएस वेगानं तासभर काही चाललं की ४५० एमबी जातात. ५ एमबीपीएसचा एचडी व्हिडिओ तासाला सव्वादोन जीबी खातो. रोज एक तास म्हणजे ३० दिवसांत साडेसदुसष्ट जीबी. कोणी 'मी फक्त बातम्या बघतो' म्हणालं तर त्या बातम्या वाचतो की बघतो, ते विचारा.

दूरच्या फोनवर एकदाच बसून या गोष्टी लावून घ्या: फोटोंचा बॅकअप फक्त वाय-फायवर, अॅप अपडेट फक्त वाय-फायवर, व्हॉट्सअॅपचं आपोआप डाउनलोड बंद, व्हिडिओ आपोआप चालू होणं बंद. अँड्रॉइडवर 'डेटा सेव्हर', आयफोनवर 'लो डेटा मोड'. अँड्रॉइडमध्ये डेटा मोजण्याची तारीखही बदलता येते. ती बिल सायकलच्या तारखेला जुळवा, नाहीतर फोन एक आकडा दाखवतो आणि कंपनी दुसरा. कंपनीच्या अॅपमधून नंबरनिहाय मर्यादा घालता येत असेल तर जरूर घाला, आणि इशारा ५० व ८० टक्क्यांवर ठेवा. फक्त १०० टक्क्यांवरचा इशारा म्हणजे वरातीमागून घोडं.

'अनलिमिटेड' शब्दाखालचं बारीक अक्षर वाचा. ठरावीक जीबीनंतर वेग १२८ केबीपीएसवर आणत असतील तर १ एमबीचा फोटो यायला मिनिटाहून थोडा जास्त वेळ लागतो. ६४ वर आणत असतील तर दोन मिनिटांहून जास्त. व्हिडिओ कॉल संपलाच समजा. हॉटस्पॉटची मर्यादा बहुधा वेगळी आणि कमी असते. वसतिगृहात राहणारी मुलं लॅपटॉप हॉटस्पॉटवर चालवतात, तेव्हा आधी तिचाच फडशा पडतो.

एसएमएस मोजून मिळत असतील तर देवनागरीत लिहिणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं: रोमन लिपीत एक एसएमएस १६० अक्षरांचा असतो, देवनागरीत ७० चिन्हांचा. काना, मात्रा, पाय मोडण्याची खूण, सगळं वेगळं मोजलं जातं, म्हणून 'नमस्कार' हा एक शब्द सात चिन्हं घेतो. मजकूर ७० च्या वर गेला की ६७-६७ चे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याचा हिशोब वेगळा.

चाव्या कोणाकडे

फॅमिली प्लॅनमध्ये पैशांची वाटणी सोपी असते. अवघड असतं ते हे, की चार गावांतल्या चार माणसांचे फोन एका माणसाच्या खात्यावर टांगलेले असतात. खातेदाराच्या कार्डाची मुदत संपली, आपोआप भरणा झाला नाही, की चारही फोन एकाच दिवशी मुके. आणि हरवलेलं सिम बदलायला मामा स्वतः दुकानात गेले तर कंपनी त्यांना उभं करत नाही, कारण कागदावर ते ग्राहकच नाहीत.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एवढं उरका. खात्यावर दुसरा अधिकृत माणूस नोंदवा. शक्यतो खातेदारापासून वेगळ्या गावात राहणारा, वेळेला जागा असणारा. खात्याचा ओटीपी फक्त खातेदाराच्याच नंबरावर येत असेल तर दुसरा मार्ग जोडा, मग तो ईमेल असो की दुसरा नंबर. नाहीतर खातेदाराचा फोन हरवला की खात्यात शिरायला ओटीपी हवा, ओटीपीला सिम हवं, आणि सिमला खातं हवं, असं चक्र सुरू होतं. आपोआप भरण्यासोबत कॅलेंडरमध्ये 'बिल गेलं का' अशी आठवण ठेवा, बिलाच्या तारखेनंतर दोन दिवसांची.

खात्याला वेगळा पिन लावा, पोर्ट-लॉकची सोय असेल तर सगळ्या नंबरांवर चालू करा. नंबर चोरणाऱ्यांना असं खातं सोयीचं असतं: एकदा शिरकाव झाला की सगळ्यांचे बँकेचे ओटीपी त्यांच्या हाती. याच फटीतून दुसरा फसवा प्रकार येतो. नंबर जोडताना खातेदार नातेवाइकांकडून ओटीपी मागतो, त्यांना ती सवय होते आणि पुढे भलताच माणूस तेच मागतो. घरात नियम ठरवा: ओटीपी मागणारा कॉल ठेवून द्यायचा, आपल्याकडे जतन केलेल्या नंबरावर स्वतः फोन लावायचा, आणि मगच बोलायचं.

नात्यातली नाजूक बाब: सविस्तर बिलात कोणी कोणाला कधी, किती वेळ फोन केला हे खातेदाराला दिसू शकतं. एसएमएसचा मजकूर आणि व्हॉट्सअॅपचे कॉल त्यात दिसत नाहीत. लग्न झालेल्या भाचीला किंवा नोकरी करणाऱ्या मुलाला हे जोडण्याआधी सांगा, नंतर नाही.

एक जागा अशी आहे जिथे हयगय जिवावर बेतू शकते. वाय-फाय कॉलिंग चालू करताना काही देशांत आपत्कालीन पत्ता नोंदवावा लागतो. खातेदारानं सगळे नंबर एकाच बैठकीत चालू केले तर सगळ्यांपुढे त्याचाच पत्ता लागू शकतो. तिकडे काकूंनी वाय-फायवरून रुग्णवाहिका बोलावली तर ती तुमच्या दारात निघेल. प्रत्येक नंबराला त्याचा स्वतःचा पत्ता द्या आणि घर बदललं की बदला.

वर्गणी

समान वाटणी भांडणं टाळते, पण फक्त मूळ भाड्यापुरती. फोनचे हप्ते, विमा, रोमिंग, जादा डेटा हे ज्याचं त्याच्या माथी. वरच्या उदाहरणात चौघांतला एक निघाला की बिल १८० होतं आणि माणशी ५५ चे ६० होतात. हे आधीच सांगून ठेवलं की निघणाऱ्यावर कोणी रुसत नाही. वर्गणी दरमहा गोळा करण्यापेक्षा तीन किंवा सहा महिन्यांची आगाऊ घ्या. दर महिन्याला छोट्या रकमेची आठवण करून देणं दोन्ही बाजूंना नकोसं होतं. गटात बिलाची पीडीएफ टाकायची तर फोन नंबरांचा तपशील असलेली पानं वगळा.

सोडताना

वेगळं व्हायचं तर दोन रस्ते आहेत: त्याच कंपनीत नंबर स्वतःच्या नावावर करून घेणं, किंवा दुसऱ्या कंपनीत पोर्ट करणं. दोन्हीसाठी खातेदाराची संमती, पिन किंवा कोड लागतो, म्हणून संबंध बरे असतानाच हे उरकावं. शेवटच्या महिन्याचं भाडं दिवसांच्या हिशोबानं घेतात की पूर्ण, ते विचारून तारीख ठरवा. मुख्य नंबरच निघणार असेल तर आधी दुसऱ्या कोणाला तरी मुख्य करून घ्या. काही कंपन्यांत मुख्य नंबर गेला की सवलतही जाते आणि उरलेल्यांना पूर्ण भाडं पडतं.

खातेदाराचं निधन झालं तर घाईनं खातं बंद करू नका. खातं बंद म्हणजे सगळ्यांचे नंबर बंद. आधी हयात माणसांचे नंबर नावावर करून घ्या, मग गेलेल्या माणसाच्या नंबरावर येणारे बँकेचे, ईमेलचे, विम्याचे ओटीपी कशाकशाला जोडले आहेत त्याची यादी करून ती कामं उरका. तो नंबर सगळ्यात शेवटी सोडा, कारण सोडलेला नंबर काही काळानं कंपनी दुसऱ्या कोणाला तरी देते.